पेट्रोलमध्ये टाकायची गोळी आणि चेन मार्केटिंग : कोणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण घरातला विषय आहे. माझे धाकटे दीर विट्याला असतात. दिवाळीपासून ते पेट्रोल वाचवणारी गोळी विकायला लागलेत. दहा लिटरला एक गोळी टाकीत टाकायची, ॲव्हरेज तीस टक्के वाढतं, धूर कमी होतो, इंजिन आतून साफ होतं असं सांगतात. दहा गोळ्यांचं पाकीट ७०० रुपयांना. पण ते दुकानात मिळत नाही, कंपनीत आयडी लावूनच (म्हणजे सभासद होऊनच) घ्यायचं, मग तुमच्याखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे लोक जोडायचे आणि पेअर जुळली की कमिशन. भाऊजींनी सुरुवातीलाच ५० पाकिटांचं पॅकेज घेतलंय, सासूबाईंनी त्यासाठी एफडी मोडून दिली. आता आम्हा दोघांचे आयडी लावा म्हणून रोज फोन येतो.
माझे प्रश्न दोनच. गोळीने खरंच ॲव्हरेज वाढतं का? आणि वाढत नसेल तर भाऊजींना न दुखावता हे सांगायचं कसं? माणूस मनाने फार चांगला आहे, माझ्या बाळंतपणात रात्री-अपरात्री त्यांनीच गाडी काढली होती, त्यामुळे तुटक बोलायचं माझ्या जिवावर येतं.

गडवाट
तीस टक्के म्हणाले तिथेच विषय संपला.

तेलकट_हात
ताई, चिंचवडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. गोळ्या, बाटल्या, पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं, सगळं बघून झालंय. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, गोळी टाकल्यापासून गाडी काय पळते! मी विचारतो ॲव्हरेज काढलं कसं, तर काट्यावरून. अहो बाईकचा पेट्रोलचा काटा साईड स्टॅण्डवर एक सांगतो आणि मेन स्टॅण्डवर दुसरंच. आणि दुसरी गोष्ट, गोळी घेतलेला माणूस पहिले काही दिवस गाडी जपून चालवतो, हवा चेक करून घेतो, सिग्नलला इंजिन बंद करतो, कारण त्याला ॲव्हरेज बघायचं असतं. मग थोडं वाढतं, नाही असं नाही. पण ते गोळीने नाही वाढत, मनगट हलकं ठेवल्याने वाढतं.
एक मात्र सांगतो. मध्ये एक स्कूटर आली होती, चढाला मिसिंग मारत होती. प्लग काढला तर टोकावर विटकरी रंगाचा थर, नखाने खरवडला तरी निघेना. मालक गोळी टाकत होता. प्लग बदलला, गोळी बंद करायला लावली, गाडी सरळ झाली.

अणुरेणू
@तेलकट_हात, विटकरी थर म्हणजे बहुतेक लोखंडाचा ऑक्साईड. फेरोसीन नावाचं नारिंगी रंगाचं एक संयुग असतं, त्यात लोखंड असतं आणि ते पेट्रोलमध्ये सहज विरघळतं. ते जळल्यावर लोखंडाचा अंश प्लगवर बसतो आणि स्पार्क नीट पडत नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचं जगभराचं मिळून म्हणणंच असं आहे की पेट्रोलमध्ये धातूची संयुगं नकोत.
@कृष्णाकाठची, तुमच्या भाऊजींच्या मीटिंगमध्ये दोन वाट्यांचा प्रयोग दाखवतात का?

कृष्णाकाठची
हो!! तुम्हाला कसं कळलं? दोन स्टीलच्या वाट्यांत पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस पेटवतात. साध्या पेट्रोलवर ताटली धरली की काळीकुट्ट काजळी, आणि गोळीच्या पेट्रोलवर जवळजवळ काहीच नाही. तेच बघून सासूबाईंना पटलं.

अणुरेणू
तो प्रयोग खरा असू शकतो आणि तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फेरोसीनने उघड्या ज्योतीतली काजळी खरोखरच कमी होते, तो त्याचा माहीत असलेला गुण आहे. पण वाटीत पेट्रोलची वाफ जळते तेव्हा तिला हवा जेमतेम मिळते, म्हणून काजळी होते. इंजिनात तसं नसतं. तिथे हवा मोजून दिलेली असते.
आता मुख्य मुद्दा. हे लोक सांगतात की निम्मं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून जातं आणि गोळी ते जाळते. हे मुळातच खोटं आहे. ठीकठाक इंजिनात ९७-९८ टक्के पेट्रोल जळतंच. म्हणजे गोळीने उरलेला थेंब न् थेंब जाळला असं धरलं, तरी फायदा दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. मग पैसे जातात कुठे? गरमीत. पेट्रोलमधली साधारण बारा ते तीस टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते, बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून उष्णता म्हणून जाते. ती इंजिनाच्या रचनेतली आणि कॉम्प्रेशनची मर्यादा आहे, टाकीत काहीही टाकून ती हलत नाही.
शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सारखा निरोप देतो आणि गाडीचा कॉम्प्युटर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आसपास सगळं धरून ठेवतो. आणि दहा लिटर पेट्रोलचं वजन होतं साधारण साडेसात किलो, त्यात ही ग्रॅमभराची गोळी. तिच्यात स्वतःची अशी ऊर्जा ती किती असणार.

पैन्_पै
मी फक्त हिशेब मांडतो. गोळी ७० रुपयांची, दहा लिटरला एक. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर दहा लिटरचे १०४०. म्हणजे ॲव्हरेज पावणेसात टक्के वाढलं तर कुठे गोळीचे पैसे निघणार, फायदा त्यानंतर. आणि वर अणुरेणू म्हणतात की कमाल दोन-तीन टक्के, तेही सगळं मनासारखं झालं तर. म्हणजे गोळी चालली तरी तोटाच.

गडवाट
हा हिशेब धाग्याच्या वर चिकटवून ठेवा रे कोणीतरी.

डेपोतला_माणूस
एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. आमच्याकडे केपीटीएल म्हणतात, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. प्रत्येक ड्रायव्हरचा केपीटीएल बोर्डावर लागायचा, आणि दशांशावरून ड्रायव्हर आणि मेकॅनिकची भांडणं व्हायची, हा म्हणणार गाडी नीट नाही, तो म्हणणार पाय जड आहे. दर जानेवारीत इंधन बचत मोहीम व्हायची आणि चांगल्या ड्रायव्हरचा सत्कार. महामंडळाचा पगारानंतरचा सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. एखाद्या गोळीने दोन टक्के जरी खात्रीने वाचले असते तरी महामंडळाने टेंडर काढून ट्रकच्या ट्रक उतरवले असते. विकणाऱ्याला घरोघरी प्लॅन दाखवत फिरायची वेळच आली नसती. आमचा केपीटीएल वाढला तो नोझल साफ ठेवून, टायरची हवा बघून आणि ब्रेक धरत नाहीत ना हे तपासून.

प्रगतीपथ
सगळे न वापरताच बोलताय याचं वाईट वाटतं. माझ्या मामांचा छोटा टेम्पो ११ द्यायचा, आता १३ देतो, मी स्वतः पाहिलंय. आमच्या प्रॉडक्टला आयएसओ आहे, लॅबचा रिपोर्ट आहे, कंपनी रजिस्टर्ड आहे, जीएसटी भरते. पेट्रोल कंपन्या स्वतःच महागड्या पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह टाकतात, ते चालतं, आणि सामान्य माणसाने चार पैसे कमवायला लागलं की लगेच फसवणूक? गावाकडे नोकऱ्या नाहीत हो. मी कुणाला जबरदस्ती करत नाही.

वेताळ_टेकडी
@प्रगतीपथ, तुम्ही समोर येऊन मांडलंत हे बरं केलं. माझं काम गाड्यांच्या चाचण्यांचं आहे म्हणून सांगतो, राग नसावा.
आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, गोळीने ॲव्हरेज वाढतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. रजिस्ट्रेशन आणि जीएसटी वडापावच्या हॉटेललाही असतं. लॅबचा रिपोर्ट पूर्ण वाचा, पहिल्या पानावरचा शिक्का नको. बहुतेक वेळा त्यात इतकंच असतं की गोळी टाकलेलं पेट्रोल अजून पेट्रोलच्या आयएस २७९६ या मानकात बसतं. म्हणजे बिघडलं नाही एवढंच. वाढलं असं नाही.
खरी चाचणी कशी होते ते सांगतो. पुण्यात एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, १९६६ पासून. तिथे गाडी रोलर्सवर उभी करतात, खोलीचं तापमान ठरलेलं, कधी किती वेगाने चालवायची ते सेकंदासेकंदाला ठरलेलं, समोर स्क्रीनवर रेष असते आणि ड्रायव्हरला ती रेष पकडून चालवावी लागते. सायलेन्सरमधून निघालेला सगळा वायू गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं हे काढतात. काटा, पंपाचं नोझल, मामांचा अंदाज यातलं काहीच मध्ये येत नाही. तुमच्या कंपनीकडे अशा चाचणीचा, गोळीसह आणि गोळीशिवाय अशा दोन्ही आकड्यांचा कागद असेल तर इथे टाका. मी स्वतः बसून वाचेन आणि खरं असेल तर खरं म्हणेन.

अणुरेणू
आणि पेट्रोल कंपन्यांच्या ॲडिटिव्हबद्दल. ते डिटर्जंट असतात, इंजेक्टरवर आणि व्हॉल्ववर कीट बसू देत नाहीत. हे खरं काम आहे आणि मी ते नाकारत नाही. पण कीट बसल्यामुळे जे गेलं तेवढंच परत मिळतं. साफ इंजिनाला त्यातून नवीन काही मिळत नाही.

टेम्पोवाला_निलेश
११ चे १३ बद्दल मी बोलू का, माझा धंदाच तो आहे. भाजी घेऊन भरलेला टेम्पो मार्केटला जातो आणि रिकामा परत येतो, त्या दोन फेऱ्यांच्या ॲव्हरेजमध्येच दोनाचा फरक पडतो. घाट लागला की अजून वेगळं. मामांनी त्या महिन्यात काय माल नेला ते विचारा.

अमेरिकेतला_अभय
गोळी आणि चेन हे दोन्ही एकत्र असलेली केस टेक्सासमध्ये होऊन गेली आहे. बायोपरफॉर्मन्स नावाची कंपनी, नेटवर्कमधून गॅस पिल (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) विकायची, लोक हॉल भरभरून जमायचे. २००६ मध्ये टेक्सासचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी कोर्टात खेचली. गोळी तपासली तर निघालं नॅप्थलीन. म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्या! आणि त्याने इंजिनाला फायदा सोडा, त्रासच होण्याची शक्यता जास्त.
इथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, आजवर शंभराहून जास्त अशी उपकरणं आणि ॲडिटिव्ह तपासली आहेत. फार थोड्यांनी काही फरक दाखवला, आणि तोही अगदी किरकोळ. काहींनी तर प्रदूषण वाढवलं.

सायली_मो
डांबरगोळ्या! म्हणजे टाकीत झुरळं नक्की होणार नाहीत :))

सिडनीवाली
ऑस्ट्रेलियात फायरपॉवर झालं. तीच गोष्ट, इंधनात टाकायची गोळी. त्यांनी रग्बी संघांना स्पॉन्सर केलं, सिडनी किंग्ज हा बास्केटबॉल संघच विकत घेतला, मोठमोठ्या लोकांसोबतचे फोटो. लोकांना वाटलं एवढं सगळं आहे म्हणजे खरंच असणार. शेअर घेतलेल्या सामान्य लोकांचे सुमारे १० कोटी डॉलर गेले, २००८ मध्ये सगळं कोसळलं. ते चेन नव्हतं, पण गोळी तीच आणि बोलणंही तेच.

चंद्रभागा
आपल्याकडचा रामर पिल्लै विसरलात का? तमिळनाडूचा, १९९६. पाण्यात वनस्पतीचा पाला घालून ढवळायचा आणि पेट्रोल करून दाखवायचा. पेपरांनी डोक्यावर घेतलं होतं. शेवटी आयआयटी मद्रासच्या लोकांसमोर करायला सांगितलं तर कळलं की ढवळायची काडीच पोकळ होती, आत पेट्रोल आणि तोंडाला मेण. आणि तरी माणूस थांबला नाही. पुढे टोल्युइन, नॅप्था असलं मिसळून तेच वनस्पतीचं इंधन म्हणून विकलं, लोकांकडून पैसे घेतले. सीबीआयची केस झाली आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. वीस वर्षं लागली! तोवर ज्यांचे पैसे गेले त्यांचं काय झालं असेल.

ऊसवाला
अवांतर होतंय पण आमच्याकडे वारणा पट्ट्यात हल्ली गोळी विकताना नवीन बोलणं चालू आहे. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने ॲव्हरेज पडलं, आमची गोळी घ्या म्हणजे इथेनॉलचा त्रास जातो. याच्यात काही तथ्य?

अणुरेणू
ॲव्हरेज पडतं हे खरं आहे, लोकांचा राग खोटा नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलंय, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीला ई-२० ने सहा-सात टक्के फटका, दुचाकीला तीन-चार टक्के. पण ती ऊर्जा इंधनात मुळातच नाही, गोळी ती आणणार कुठून? खऱ्या तक्रारीवर खोटं औषध विकतायत, मला याचीच जास्त चीड येते.

ऊसवाला
समजलं. आमच्या उसाचं बिल वेळेवर येऊ दे म्हणजे ॲव्हरेजचं दुःख कमी होईल :) धन्यवाद.

गडवाट
मग वाढतं कशाने तेही सांगा कोणीतरी, म्हणजे धागा सत्कारणी लागेल.

तेलकट_हात
सांगतो. गाडी मेन स्टॅण्डवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. अर्ध्यातच खर्र करून थांबलं तर ब्रेक धरतोय, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबूनच गाडी चालवताय आणि पेट्रोल जळतंय. निम्म्या गाड्यांना मला हेच सापडतं आणि ते ठीक करायला पाच मिनिटं लागतात. चेन साफ करून तेल, फार ताठ नको. हवा सकाळी टायर थंड असताना, कंपनीने लिहिलेली तेवढीच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला एअर फिल्टरनेही फरक पडतो, नव्या इंजेक्शनच्या गाडीला ॲव्हरेजमध्ये तितका नाही. आणि रोज जाताना चाळीस-पन्नासचा वेग धरला तर कुठलीही गोळी त्याच्या जवळपास येत नाही.
ॲव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, परत तसंच भरायचं.

वेताळ_टेकडी
त्यात एक भर. गोळी टाकली की नाही हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. घरातल्या दुसऱ्याने टाकायची किंवा नाही टाकायची, आणि चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. शेवटी उघडायची.

ॲड_नगरकर
कायद्याचं सांगते. लोक जोडण्याच्या जोरावर पैसे फिरवणं हा १९७८ च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आले, त्यात पिरॅमिड स्कीम चालवायला सरळ बंदी आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपनीला सभासद करून घ्यायला प्रवेश फी घेता येत नाही, आणि काही मुदतीत करार मोडून माल परत करायची सोय द्यावी लागते.
बघायचं एकच, कमाई गोळी विकून होते की माणसं आणून. प्रत्येकाने फक्त दोघांना आणलं तरी सव्विसाव्या पायरीला एकूण तेरा कोटींच्या वर माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या माणसाला आणायला माणूसच उरत नाही, आणि साखळीत सगळ्यात जास्त लोक खालच्याच पायऱ्यांवर असतात.

प्रगतीपथ
वेताळ_टेकडी साहेब, मी अपलाईनला, म्हणजे मला साखळीत जोडणाऱ्या वरच्या माणसाला, तो कागद मागितला. गोळीसह आणि गोळीशिवाय असा. ते म्हणाले असे प्रश्न निगेटिव्ह लोक विचारतात. मला उत्तर पटलं नाही. बघतो.

चंद्रभागा
@प्रगतीपथ दादा, विचारलंत हेच मोठं काम केलंत. आणि गावाकडे नोकऱ्या नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ते कोणी खोडलेलं नाही इथे.

मृण्मयी_द
ताईंचा दुसरा प्रश्न राहूनच गेला सगळ्यांच्या गडबडीत. आमच्या घरात आत्तेभावाचं असंच झालं होतं, वस्तू वेगळी होती. सगळ्यांनी त्याला जेवणाच्या ताटावर धरलं, मूर्ख म्हणाले, आणि तो जो तुटला तो पुढे फक्त त्या कंपनीच्या लोकांतच राहायला लागला. तिथे त्याला सर म्हणायचे, स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवायचे. घरात कोण वाजवतं? म्हणून भाऊजींशी गोळीवर वाद घालू नका. ते फसवणारे नाहीत, त्यांना फसवलंय, हा फरक तुमच्या बोलण्यात आधी दिसू दे. एकटे असताना, चहा करून, वहीत जमाखर्च मांडा. किती घातले, किती पाकिटं खरोखर बाहेरच्या गिऱ्हाईकाला गेली, मीटिंगला जायचा पेट्रोल खर्च किती. आणि ह्यांना नका बोलायला लावू, भावाभावांत लगेच लहान-मोठं निघतं. वहिनीचं ऐकतात बऱ्याचदा.
आयडी लावायला मात्र स्वच्छ नाही म्हणा. विचार करू असं म्हणालात तर फोन थांबणार नाहीत.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयी, तू लिहिलंस तसंच केलं. भाऊजी रविवारी आले होते, वही मीच पुढे केली. लिहिता लिहिता तेच गप्प झाले. बाहेरच्या गिऱ्हाईकाला तीनच पाकिटं गेलीत, तीही एका मित्राने भीड म्हणून घेतली. काही खालच्यांच्या गळ्यात, बाकी चाळीस पाकिटं माळ्यावर आहेत. ते म्हणाले, वहिनी, आईचे पैसे तेवढे परत यायला हवेत, बाकी माझं मी बघतो. आयडीचं त्यांनी स्वतःहून पुन्हा काढलं नाही.
@ॲड_नगरकर, माल परत करता येईल का? बिल कंपनीच्या नावाचं नाहीये, अपलाईनने साध्या वहीच्या कागदावर सही करून दिलंय. पैसे मात्र फोनवरून पाठवलेत, अपलाईनच्या खात्यावर.

ॲड_नगरकर
तो कागद जपून ठेवा, फेकू नका. बँकेचं स्टेटमेंट काढून त्या व्यवहाराखाली खूण करा. व्हॉट्सॲपवर पॅकेजबद्दल, कमिशनबद्दल आणि तीस टक्क्यांबद्दल जे काही आलंय त्याचे स्क्रीनशॉट आजच काढा, ग्रुपमधून काढून टाकलं तर अडचण होईल. पाकिटं फोडू नका, बॅच नंबर दिसेल असे फोटो घ्या. मग कंपनीला आणि अपलाईनला दोघांनाही लेखी पत्र, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने, माल परत घ्या आणि रक्कम द्या, पंधरा दिवसांची मुदत. त्याची पोचपावती लावून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. तिथे नाही झालं तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पत्राचा मसुदा मी करून देते, निरोप टाकून ठेवा. पत्रावर सही भाऊजींची हवी आणि पैसे सासूबाईंच्या एफडीतून भाऊजींच्या खात्यात आले त्याची नोंद सोबत जोडा.